मायक्रोस्पंज जेल: कण वरच राहतो, औषध आत जातं

एम.फार्मला फार्मास्युटिक्स घेतलं की वर्गातल्या दोन-तीन जणांच्या वाट्याला 'मायक्रोस्पंज लोडेड टॉपिकल जेल' (औषध भरलेले पॉलिमरचे बारीक सच्छिद्र कण घातलेलं, त्वचेवर लावायचं जेल) हा विषय येतोच येतो, माझ्याही आला होता, आणि पहिले दोन महिने मी नुसत्या बॅचेस फेकत होतो. पेपरमध्ये प्रोसिजर पाच ओळींची असते, ड्रग आणि पॉलिमर सॉल्व्हंटमध्ये विरघळवले, पीव्हीएच्या (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, थेंब एकमेकांना चिकटू न देणारं) द्रावणात सोडले, ढवळले, गाळले, वाळवले, झालं. त्या पाच ओळींत नेमकं कुठे काय बोंबलतं ते मात्र कुणी लिहीत नाही. म्हणून हे लांबलचक लिहितोय. उदाहरणाला क्लोट्रिमॅझोल घेतलंय, नायटा-गजकर्णावरचं जुनं, स्वस्त, कुठेही मिळणारं औषध, पण पाण्यात न विरघळणाऱ्या बहुतेक औषधांना हीच पद्धत थोड्याफार फरकाने चालते. आणि हो, हे लॅबमध्ये फ्यूम हूडखाली करायचं काम आहे, घरी ओट्यावर करून अंगाला फासायचं नाही.

आधी ठरवा, औषध थांबवायचं कुठे

व्हायवाला हमखास विचारतात, "मायक्रोस्पंज त्वचेतून आत कसा जातो?" आणि पोरं उत्साहाने मेकॅनिझम सांगायला लागतात. खरं उत्तर दोन शब्दांचं आहे: जात नाही. त्वचेचा सगळ्यात वरचा थर, स्ट्रॅटम कॉर्नियम, जेमतेम १० ते २० मायक्रॉन जाड, मेलेल्या पेशींच्या विटा आणि त्यांच्यामध्ये चरबीचा गिलावा अशी ती भिंत. तुमचा कण एकटाच २० मायक्रॉनचा, तो कुठून घुसणार? तो वर बसून राहतो, गोदामासारखा, आणि त्यातलं औषध थोडं थोडं सुटून आत झिरपतं. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचे निम्मे निर्णय आपोआप सुटतात.

साइजचं गणित साधारण असं. १० मायक्रॉनच्या वरचे कण त्वचेच्या पृष्ठभागावरच राहतात. ३ ते १० मायक्रॉनचे कण केसांच्या मुळाच्या खळग्यात, म्हणजे फॉलिकलमध्ये, जाऊन बसतात. १९९३ मध्ये रोलँड आणि सहकाऱ्यांनी ॲडापॅलीन भरलेले पॉलिमरचे मायक्रोस्फिअर वापरून हे दाखवलं होतं, ५ मायक्रॉनच्या आसपासचे कण फॉलिकलमध्ये जमले. म्हणजे पिंपल्सवरचं औषध असेल तर ५ मायक्रॉन गाठायची धडपड करायला अर्थ आहे, कारण तिथे दुखणं फॉलिकलमध्येच आहे. नायट्याची बुरशी मात्र मुख्यतः स्ट्रॅटम कॉर्नियममध्ये राहते, मग १० ते २५ मायक्रॉनचा कण वर पसरून औषध सोडत राहिला तरी काम झालं. साधारण २५-३० च्या वर गेलात की जेल बोटाला रवाळ लागायला लागतं, आणि पेशंटला ते अजिबात आवडत नाही.

औषधाचीही अट आहे. २००० साली बोस आणि माइनार्डी यांनी मांडलेला ५०० डाल्टनचा (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं एकक) नियम सगळ्यांनी वाचलेला असतो, त्याहून मोठा रेणू शाबूत त्वचेतून सहसा जात नाही. क्लोट्रिमॅझोल ३४४.८, म्हणजे पास. ते प्रचंड तेलप्रेमी आहे, त्यामुळे वरच्या थरात शिरतं पण खालच्या पाणीदार थरात उतरायला कां-कूं करतं. रक्तात पोचवायचं असतं तर ही अडचण होती, आपल्याला बुरशी वरच मारायची आहे म्हणून हीच सोय. उलट कुणाला इन्सुलिनसारखा मोठा रेणू त्वचेतून रक्तात न्यायचाय असं टॉपिक मिळालं असेल तर मायक्रोस्पंजच्या नादी लागू नका, गाइडशी बोलून विरघळणाऱ्या पॉलिमरच्या मायक्रोनीडलकडे (अतिसूक्ष्म सुयांकडे) वळा, तिथे निदान भिंतीला भोक तरी पडतं.

बाजारातला स्पंज वेगळा, आपला वेगळा

हा फरक थिसिसच्या इंट्रोडक्शनमध्ये जवळपास सगळेच गुंडाळून टाकतात. मूळ मायक्रोस्पंज रिचर्ड वॉन यांचा, पेटंट १९८७ चं, कंपनी कॅलिफोर्नियाची ॲडव्हान्स्ड पॉलिमर सिस्टिम्स. त्यावर आधारलेलं रेटिन-ए मायक्रो, म्हणजे ट्रेटिनॉइनचं ०.१ टक्का जेल, अमेरिकेत १९९७ ला मंजूर झालं, त्यानंतर २००० मध्ये कॅरॅक आलं, फ्लुरोयुरासिलचं ०.५ टक्का क्रीम, ज्यातलं ०.३५ टक्का कणांत भरलेलं असतं. दोन्हींतला पॉलिमर म्हणजे मिथाइल मेथाक्रिलेट आणि ग्लायकॉल डायमेथाक्रिलेटचं क्रॉसलिंक केलेलं जाळं. साखळ्या एकमेकींना कायमच्या बांधलेल्या, त्यामुळे तो कण कुठल्याच सॉल्व्हंटमध्ये विरघळत नाही, फार तर फुगतो.

आपण कॉलेजात बनवतो तो वेगळा प्रकार. क्वासी-इमल्शन सॉल्व्हंट डिफ्युजन म्हणतात त्याला, जपानच्या कावाशिमा यांनी युड्राजिट आरएस वापरून आयबुप्रोफेनचे मायक्रोस्पंज केले होते, १९९२ चा पेपर आहे, तो मुळातून वाचा. यात तयार पॉलिमर सॉल्व्हंटमध्ये विरघळवायचा, पाण्यात थेंब करायचे, सॉल्व्हंट निघून गेला की सच्छिद्र कण उरतो. क्रॉसलिंकिंग वगैरे काही नाही. म्हणजे जो सॉल्व्हंट तो पॉलिमर विरघळवतो तोच पुढे जेलमध्ये आला तर तुमचे कण गायब. हे वाक्य लक्षात ठेवा, जेलच्या वेळी परत येणार आहे.

काय काय लागेल

माझी जी बॅच शेवटी जमली तिचं माप देतो. क्लोट्रिमॅझोल ६०० एमजी, इथाइल सेल्युलोज ३०० एमजी, डायक्लोरोमिथेन आणि इथेनॉल मिळून १० एमएल, ट्रायइथाइल सायट्रेट (पॉलिमर मऊ करणारा प्लास्टिसायझर) पॉलिमरच्या साधारण १० टक्के म्हणजे ३० एमजी, आणि बाहेरचा फेज (ज्यात थेंब सोडायचे तो द्रव) म्हणून ०.५ टक्का पीव्हीएचं पाणी १०० एमएल. युड्राजिट आरएस १०० वापरलात तरी चालतं, पण त्याच्यावर चतुर्थक अमोनियमचे धन भार असतात आणि कार्बोपॉल (जेल घट्ट करणारा पॉलिमर) ऋण भाराचं, दोघं एकमेकांना चिकटायला बघतात, म्हणून मी इथाइल सेल्युलोजवर आलो.

औषध निवडताना एक चाचणी आधी करा, दहा मिनिटांची आहे. टेस्ट ट्यूबमध्ये थोडं औषध डायक्लोरोमिथेनमध्ये आणि थोडं पीव्हीएच्या पाण्यात टाकून हलवा. पहिल्यात विरघळलं पाहिजे, दुसऱ्यात नाही. माझ्या बॅचमधल्या एकाने डायक्लोफिनॅक सोडियम घेतलं होतं, ते पाण्यात बऱ्यापैकी विरघळतं, तीन महिने त्याचं एन्ट्रॅपमेंट (कणांत अडकलेल्या औषधाचं प्रमाण) वर येईना कारण औषध ढवळताना पाण्यात पळून जायचं, बिचारा रोज स्पीड बदलून बघत होता.

सॉल्व्हंटबद्दल थोडं सविस्तर, कारण स्पंज होणार की गोटी होणार हे इथे ठरतं. डायक्लोरोमिथेन पाण्यात जेमतेम दीड-दोन टक्के मिसळतं, बाकीचं पृष्ठभागावरून उडून जायला लागतं, उत्कलनबिंदू ४० डिग्रीच्या आसपास असल्याने उडतं खरं, पण सावकाश. तेवढ्या वेळात पॉलिमर निवांत आकसतो आणि गुळगुळीत भरीव गोळी होते. उलट नुसतं इथेनॉल घेतलं तर ते पाण्यात झटकन पळतं, थेंब गोल व्हायला वेळच मिळत नाही, आणि बीकरमध्ये शेवया तरंगताना दिसतात. दोन्हींचं मिश्रण घेतलं की इथेनॉल आधी पळून भोकं पाडतं आणि डायक्लोरोमिथेन आकार धरून ठेवतं. माझं १:१ वर जमलं, तुमचं पॉलिमरच्या ग्रेडप्रमाणे थोडं इकडे-तिकडे होईल.

डायक्लोरोमिथेनला हलकं घेऊ नका. नायट्राइलच्या हातमोज्यातून ते मिनिट-दोन मिनिटांत आरपार येतं, सांडलं की मोजा लगेच काढून फेकायचा, "मोजा आहे ना" म्हणून बसायचं नाही. अमेरिकेच्या ईपीए या पर्यावरण संस्थेने २०२४ मध्ये त्याच्या बहुतेक वापरांवर बंदी घातलीय. आयसीएचच्या क्यू३सी मध्ये (औषधात उरणाऱ्या सॉल्व्हंटच्या मर्यादांची आंतरराष्ट्रीय गाइडलाइन) ते क्लास २ मध्ये बसतं, मर्यादा ६०० पीपीएम, आणि एक्स्टर्नल परीक्षक हुशार असला तर "रेसिड्युअल सॉल्व्हंट मोजलं का?" हा प्रश्न येतोच. हेडस्पेस जीसी (उडणारे सॉल्व्हंट मोजणारं यंत्र) मिळत असेल तर करून ठेवा. नव्याने सुरू करत असाल तर इथाइल ॲसिटेट वापरून बघा, ते क्लास ३ मध्ये आहे, मर्यादा ५००० पीपीएम.

पीव्हीएचं पाणी

फालतू वाटणारं पण सगळ्यात जास्त बॅचेस इथे मेल्या आहेत. पीव्हीए अर्धवट हायड्रोलाइज्ड घ्यायचं, ८७ ते ८९ टक्के वालं. ते थंड पाण्यात भुरभुरायचं, ढवळत ठेवायचं, आणि मग हळूहळू ८०-८५ डिग्रीपर्यंत तापवायचं. गरम पाण्यात एकदम ओतलंत तर बाहेरून चिकट, आतून कोरड्या अशा गाठी होतात, गाठीचं पिठलं चांगलं लागतं पण इथे नको. पूर्ण पारदर्शक झालं की थंड करा, गाळा, आणि रूम टेंपरेचरला आल्याशिवाय वापरू नका, कोमट पाण्यात डायक्लोरोमिथेन पडलं की उकळून फसफसतं आणि कण फुटतात.

मुख्य काम

ओव्हरहेड स्टिरर लागतो, तीन पात्यांचा. मॅग्नेटिक स्टिररवर काही जण करतात, त्यात कांडी तळाशी कणांना जात्यासारखी भरडते. पातं तळापासून बोटभर वर आणि मधोमध न ठेवता थोडं बाजूला ठेवा, म्हणजे भोवरा कमी होतो, भोवऱ्यातून हवा आत जाते आणि फेस होतो, फेसात अडकलेले कण कधीच नीट होत नाहीत.

आता थेंब पाडणं. आतला फेज (औषध-पॉलिमरचं द्रावण) आधी पूर्ण विरघळलाय ना ते उजेडात धरून बघा, इथाइल सेल्युलोज वरून विरघळल्यासारखं दिसतं पण जेलीसारखे पारदर्शक तुकडे राहतात, वीसेक मिनिटं सोनिकेटरला ठेवलं की जातात. मग १० एमएलच्या सिरिंजमध्ये भरून, सुईचं टोक पाण्याच्या पृष्ठभागाच्या खाली ठेवून, मिनिटाला साधारण १ एमएल या वेगाने सोडायचं. स्टिरर १००० आरपीएमवर. माझी पहिली बॅच मी घाईत बीकरमधून एकदम ओतली होती, बस सुटत होती संध्याकाळची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पात्याभोवती पांढरं च्युइंगम गुंडाळलेलं, बाकी पाणी स्वच्छ. ते पातं साफ करायला अर्धा दिवस आणि लॅब असिस्टंट काकांची बोलणी.

सोडून झाल्यावर ४ ते ६ तास ढवळत ठेवा. दर तासाला एक थेंब स्लाइडवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघायचा, हा कंटाळवाणा उद्योग टाळू नका. पहिल्या तासाला चकचकीत, काळी कडा असलेले गोल थेंब दिसतात. सॉल्व्हंट निघत गेला की ते अपारदर्शक, खरखरीत, करडे होत जातात. आणि याच वेळी कणांच्या मध्ये बारीक सुया तरंगताना दिसल्या तर समजा औषध कणाच्या बाहेर क्रिस्टल होऊन बसतंय. ड्रग जास्त आणि पॉलिमर कमी झाला की असं होतं. माझ्याकडे ३:१ वर सुयांचं जंगल झालं होतं, २:१ वर तुरळक, म्हणून वरचं माप २:१ चं आहे.

स्पीड वाढवला की कण लहान होतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण १५०० च्या वर गेल्यावर माझ्याकडे साइज फारशी कमी न होता फेस आणि यील्डचा बोऱ्या एवढंच वाढलं. बारीक कण हवे असतील तर आतला फेज पातळ करा, त्याचा जास्त फायदा होतो.

गाळायला व्हॅक्यूम फिल्टर, पाण्याने तीनदा धुवायचं, पीव्हीए राहिलं तर वाळल्यावर सगळं पापडासारखं एक होऊन येतं. वाळवायला ४० डिग्री, रात्रभर. घाई म्हणून ६० ला ठेवू नका, आत सायट्रेट आहे, प्लास्टिसायझर पडल्यावर पॉलिमर कमी तापमानालाच मऊ होतो, कण एकमेकांना चिकटतात. वाळलेली पावडर चाळणीतून हलक्या हाताने काढा, खलबत्त्यात घालून कुटणारे महाभाग मी पाहिलेत, मग एसईएममध्ये (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये) स्पंजऐवजी चुरा दिसतो आणि दोष मशीनला.

हिशेब, आणि त्यातली पळवाट

घातलं ६०० आणि ३००, एकूण ९०० एमजी (प्लास्टिसायझर बहुतेक जण धरत नाहीत). हाती आले समजा ७०२ एमजी. यील्ड ७८ टक्के. आता औषध किती? ५० एमजी पावडर तोलून मिथेनॉलमध्ये पूर्ण फोडून ॲसे (औषध किती आहे त्याची मोजणी) केला, २८ एमजी औषध निघालं, म्हणजे ड्रग कंटेंट ५६ टक्के. थिअरीने असायला हवं ६०० भागिले ९००, म्हणजे ६६.७ टक्के. तर एन्ट्रॅपमेंट एफिशियन्सी ५६ भागिले ६६.७, म्हणजे ८४ टक्के. छान आकडा, टेबलात टाकला, गाइड खूश.

पण थांबा. ७०२ एमजीचे ५६ टक्के म्हणजे ३९३ एमजी औषध तुमच्या हातात आहे. घातलं होतं ६००. म्हणजे खरं पाहता ६५.५ टक्केच औषध कणांत पोचलं, बाकीचं बीकरला, पात्याला, फिल्टरमधून गेलेल्या बारीक चुऱ्यात. दोन्ही आकडे 'एन्ट्रॅपमेंट' या एकाच नावाखाली छापले जातात आणि दोन पेपरांची तुलना करताना हा घोळ कुणी बघत नाही. कुठला फॉर्म्युला वापरलाय ते लिहा, शक्यतो दोन्ही द्या. शिवाय कणावर बाहेरून चिकटलेल्या सुयासुद्धा या ॲसेमध्ये 'आत' म्हणूनच मोजल्या जातात. त्यासाठी मी पावडर थोड्या इथेनॉल-पाण्यात काही सेकंद खळबळून, गाळून, त्या पाण्यातलं औषध वेगळं मोजायचो. परफेक्ट पद्धत नाही, पण स्वतःची फसवणूक कमी होते.

साइजसाठी लेझर डिफ्रॅक्शन नसेल तर मायक्रोस्कोप पुरतो, फक्त आयपीसचं कॅलिब्रेशन स्टेज मायक्रोमीटरने ज्या ऑब्जेक्टिव्हवर मोजणार त्याच ऑब्जेक्टिव्हवर करा. निदान ३०० कण मोजा, आणि मोजताना सुंदर गोल दिसणारेच निवडू नका.

एफटीआयआर (इन्फ्रारेड स्पेक्ट्रम) वगैरे रुटीन आहे. डीएससीबद्दल (नमुना तापवून वितळण्याचा पीक बघायची चाचणी) एकच सांगतो: क्लोट्रिमॅझोल १४१ ते १४५ डिग्रीला वितळतं, आणि तो पीक मायक्रोस्पंजमध्ये गायब झाला की सगळे "ड्रग अमॉर्फस (स्फटिक नसलेलं) झालं" लिहून मोकळे होतात. मशीनमध्ये तापत असतानाच औषध मऊ पॉलिमरमध्ये विरघळून पीक जाऊ शकतो. एक्सआरडी (एक्स-रेने स्फटिक ओळखायची चाचणी) रूम टेंपरेचरला होतं, त्यात पीक दिसतायत का बघा आणि मग बोला.

जेल

१ टक्का क्लोट्रिमॅझोलचं ३० ग्रॅम जेल म्हणजे औषध ३०० एमजी. कंटेंट ५६ टक्के, तर पावडर लागेल ३०० भागिले ०.५६, म्हणजे ५३६ एमजी. ३०० एमजी पावडर टाकून त्याला १ टक्का जेल म्हणणारी थिसिस मी वाचलीय, हसू नका.

कार्बोपॉल ९४० साधारण १ टक्का, पाण्यावर भुरभुरून रात्रभर भिजत ठेवायचं. प्रिझर्व्हेटिव्ह घाला. पावडर थेट जेलमध्ये टाकली की वर तरंगते, म्हणून आधी खलात अगदी थोड्या ग्लिसरीनमध्ये पेस्ट करून घ्या, ती कार्बोपॉलमध्ये सावकाश मिसळा, आणि शेवटी ट्रायइथेनॉलअमाइन थेंब थेंब. जेल डोळ्यांसमोर घट्ट होतं, तो क्षण मला अजून आवडतो. पीएच ६ ते ६.५ वर थांबा. क्लोट्रिमॅझोल आम्लात फुटतं, म्हणून त्वचेचा पीएच ५ च्या आसपास असला तरी जेल तिथवर खाली नेऊ नका.

आता ते लक्षात ठेवायला सांगितलेलं वाक्य. जेल गार लागावं, लवकर वाळावं म्हणून बरेच जण इथेनॉल घालतात. इथाइल सेल्युलोज इथेनॉलमध्ये विरघळतं. युड्राजिट आरएससुद्धा. भरपूर अल्कोहोल घातलेल्या जेलमध्ये तुमचे कण आठवड्यात मऊ होऊन औषध बाहेर, आणि मग तुम्ही साधंच जेल विकताय. प्रोपिलीन ग्लायकॉलही जपून, ते औषधाला बाहेर ओढतं. व्हेइकलमध्ये (कणांभोवतीच्या जेलमध्ये) औषध जेवढं कमी विरघळेल तेवढं गोदाम बंद राहील, लावल्यावर पाणी उडून, त्वचेच्या तेलाशी गाठ पडून ते उघडावं अशी सगळी कल्पना आहे.

फ्रान्झ सेल

फ्रान्झ सेल म्हणजे वर डोनर, खाली रिसेप्टर आणि मध्ये मेम्ब्रेन किंवा त्वचा असं काचेचं पात्र. त्यावरच्या दोन वेगळ्या चाचण्या आहेत आणि दोन्ही एकाच नावाने खपवल्या जातात. सिंथेटिक मेम्ब्रेनवर करता ती रिलीज टेस्ट, जेलमधून औषध किती वेगाने सुटतं एवढंच सांगते. त्वचेवर करता ती पर्मिएशन. रिलीजच्या आकड्यांवरून "त्वचेतून इतकं गेलं" असं लिहायचं नाही.

आपल्याकडे डायलिसिस मेम्ब्रेन सर्रास वापरतात, १२ ते १४ हजार डाल्टन कटऑफची. तीच कधी कधी औषधाला अडवते, आणि मग प्लेन जेल आणि मायक्रोस्पंज जेल दोघांचा ग्राफ सारखाच येतो. आधी औषधाचं नुसतं द्रावण डोनरमध्ये टाकून बघा, ते जर सावकाश येत असेल तर मेम्ब्रेन बदला, ०.४५ मायक्रॉनची सेल्युलोज ॲसिटेट किंवा पॉलिसल्फोन घ्या.

क्लोट्रिमॅझोल नुसत्या बफरमध्ये विरघळत नाही, म्हणून रिसेप्टरमध्ये बफर आणि ३० टक्के इथेनॉल असं काहीतरी लागतं, सॉल्युबिलिटी आधी काढा. टेंपरेचर मेम्ब्रेनपाशी ३२ डिग्री हवं, वॉटर बाथचा डिस्प्ले काय म्हणतो ते नाही. रिसेप्टरचं मिश्रण आधी डीगॅस करा, नाहीतर तासाभराने मेम्ब्रेनखाली बुडबुडा येतो, तेवढा एरिया बंद, आणि तुम्हाला वाटतं रिलीज थांबलं. तो काढायला सेल तिरका करून टिचकी मारायची, सगळ्या फार्मसी कॉलेजांत ही टिचकी वारशाने चालत येते.

हिशेबात एक चूक नेहमीची. दर वेळी सॅम्पल काढता ते औषध पुढच्या रीडिंगमध्ये परत जोडायचं असतं. रिसेप्टर १२ एमएल, सॅम्पल १ एमएल, पहिल्या तासाला २० मायक्रोग्रॅम प्रति एमएल, दुसऱ्याला ३५. तर दुसऱ्या तासापर्यंत गेलेलं एकूण औषध ३५ गुणिले १२, अधिक २० गुणिले १, म्हणजे ४४० मायक्रोग्रॅम. १५ एमएम तोंडाच्या सेलचा एरिया १.७७ चौरस सेंटिमीटर, म्हणजे साधारण २४९ मायक्रोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर. यूव्हीवर क्लोट्रिमॅझोलचा सिग्नल २६० नॅनोमीटरच्या आसपास फारच मिळमिळीत असतो, रिलीजला कसंबसं चालेल, त्वचेच्या प्रयोगाला एचपीएलसीच हवं. ग्राफ वेळेच्या वर्गमुळाविरुद्ध काढा, हे हिगुचीचं मॉडेल. कोर्समेयर-पेपासचं मॉडेल लावणार असाल तर पहिल्या ६० टक्के रिलीजपर्यंतचेच पॉइंट घ्यायचे, पुढचे घेऊन आलेल्या 'एन'ला (त्या मॉडेलमधल्या घातांकाला) अर्थ नसतो.

त्वचेसाठी डुकराचा कान चांगला, माणसाच्या त्वचेच्या बराच जवळचा. पण कत्तलखान्यातून आणताना एक गोष्ट सांगून ठेवा, कान गरम पाण्यात घालायच्या आधीचा हवा. केस काढायला डुक्कर ६० डिग्रीच्या आसपासच्या पाण्यात बुडवतात, आणि लॅबमध्ये आपण एपिडर्मिस सोलून काढायला नेमकं तेच तापमान मिनिटभर वापरतो. म्हणजे गरम पाण्यातून आलेल्या कानाची भिंत आधीच सुटलेली. मी पहिल्या खेपेला असे चार कान आणले, डब्यात बर्फ घालून, बसमध्ये मांडीवर धरून, आणि सहाच्या सहा सेलमधून औषध असं धो-धो गेलं की गाइडने आधी अभिनंदन केलं.

प्रयोग संपल्यावर रिसेप्टरवर थांबू नका. वर उरलेलं जेल पुसून मोजा, टेपने स्ट्रॅटम कॉर्नियमचे थर ओढून काढून त्यातलं मोजा, उरलेली त्वचा चिरून मिथेनॉलमध्ये ठेवून तीही मोजा. सगळं मिळून लावलेल्या डोसच्या १०० टक्क्यांच्या जवळ, अधिक-उणे १०, आलं पाहिजे, ओईसीडीच्या ४२८ नंबरच्या गाइडलाइनमध्ये हेच मागतात.

आणि इथे सगळ्यात मोठी गंमत. मायक्रोस्पंज जेलचं रिसेप्टरमधलं औषध प्लेन जेलपेक्षा कमी येतं. पोरं घाबरतात, काहीजण डेटा 'सुधारतात', कारण शीर्षकात 'एनहान्स्ड पर्मिएशन' लिहून बसलेले असतात. अहो, कमीच यायला हवं! बुरशी वरच्या थरात आहे, औषध रक्तात जाऊन काय करणार? टेपमध्ये जास्त सापडलं, रिसेप्टरमध्ये कमी, याच निकालासाठी हा सगळा खटाटोप होता. रेटिन-ए मायक्रोचंही तेच, औषध एका दमात सुटू नये, आग कमी व्हावी म्हणून ते कणात घातलं. शीर्षक बदला, डेटा नको.

राहिलेलं थोडं

स्टॅबिलिटी ४० डिग्री, ७५ टक्के आर्द्रतेला सहा महिने असते, एम.फार्मच्या वेळापत्रकात तीन होतात, तसं स्पष्ट लिहा. पुढे खरंच उत्पादन करायचं स्वप्न असेल तर औषध कितीही जुनं असलं तरी नॉव्हेल ड्रग डिलिव्हरी सिस्टिम ही २०१९ च्या न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स रूल्समध्ये 'न्यू ड्रग' धरली जाते, म्हणजे सीडीएससीओची (केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेची) पायरी आलीच. कॉस्मेटिकमध्ये वळायचा विचार असेल तर युरोपचा २०२३ चा मायक्रोप्लास्टिकचा नियम वाचा, औषधांना त्यात सूट आहे, फेसवॉशमधल्या न कुजणाऱ्या प्लास्टिक कणांना नाही.

स्टॅबिलिटीला ठेवलेल्या ट्यूबमधलं जेल दर महिन्याला पीएच-व्हिस्कॉसिटी बघून परत ठेवून देतात, तसं करू नका. टोकाने थोडं स्लाइडवर घ्या, कव्हरस्लिप दाबा आणि बघा. करडे गोल कण जसेच्या तसे दिसले तर ठीक. कणांच्या मधल्या मोकळ्या जेलमध्ये चमकत्या सुया उगवलेल्या दिसल्या तर औषध गोदामातून निघून व्हेइकलमध्ये विरघळतंय आणि तिथे परत क्रिस्टल होतंय, ॲसे ९९ टक्के आला तरी. माझ्या दुसऱ्या महिन्याच्या सॅम्पलमध्ये दिसल्या होत्या. प्रोपिलीन ग्लायकॉल काढून ग्लिसरीन घातलं, वरचं माप त्यानंतरचं आहे.